भट्टी ५७३ लाच का तडकते? आणि त्यात रामन कुठून आले?

मातीकाम | मंगळवार, रात्री १०:१२

मंडळी, मदत हवी आहे. नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे माझा छोटासा पॉटरी स्टुडिओ आहे, एक इलेक्ट्रिक भट्टी, मी आणि एक मदतनीस मावशी. मातीला बिस्क (पहिली भाजणी) ९८० अंशाला करते आणि ग्लेझ (काचेसारखा लेप देऊन दुसरी भाजणी) १२२० ला. गेल्या महिन्यात सलग दोन भट्ट्यांमध्ये मोठ्या परातींपैकी निम्म्या तडकल्या. आरपार, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, जणू कोणी काचकटरने कापल्यात. बारके कप मात्र सगळे ठणठणीत.

एका ओळखीच्या सिरॅमिकवाल्याने फोनवर दोनच शब्द सांगितले, "क्वार्ट्झ इन्व्हर्जन", आणि "५७३ ला सांभाळा" म्हणून फोन ठेवला. गुगल केलं तर सगळीकडे तेच, ५७३ अंशाला क्वार्ट्झचा अल्फाचा बीटा होतो. पण म्हणजे नक्की काय होतं? माती तर १२२० पर्यंत जाऊन आलीये, तिला ५७३ चं काय एवढं कौतुक? आणि हे आत काय चाललंय ते कोणी बघितलं कसं, भट्टीत डोकं घालून तर नाही ना?

पंचवटीकर_काका | मंगळवार, रात्री १०:३५

ताई, आमचे आजोबा रामकुंडाच्या पलीकडे आवा लावायचे. मातीत घोड्याची लीद, राख. आवा लावला की वरून राख आणि खापरांचं पांघरूण, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी हात लावला तर बोंबलायचे. ५७३ बिवथ्री त्यांना माहीत नव्हतं आणि मडकी तडकतही नव्हती (तडकायची, पण कमी). सांगायचा मुद्दा, घाई करू नका.

ढोलवेडा | मंगळवार, रात्री १०:५०

काकांना +१. बाकी बिवथ्री आवडलं.

रेषावाचक | मंगळवार, रात्री ११:४०

मातीकाम ताई, आधी एक सांगा. तडकलेल्या कडेवर बोट फिरवा. कड धारदार आहे का ग्लेझ वितळून गोल झाली आहे? गोल असेल तर तडा चढताना गेलाय, नंतर ग्लेझ वितळून कडेवरून ओघळलं. धारदार असेल तर भट्टी उतरताना गेलाय, तेव्हा ग्लेझ आधीच थिजलेलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कोणी बघितलं कसं. हा माझा आवडता विषय असल्याने लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

क्वार्ट्झ म्हणजे सिलिका, एक सिलिकॉन आणि भोवती चार ऑक्सिजन असे छोटे चौफलक, एकमेकांना कोपऱ्यांनी जोडलेले. हे चौफलक बऱ्यापैकी कडक असतात, पण कोपऱ्यातले सांधे लवचिक. नेहमीच्या तापमानाला हे सगळे चौफलक जरा कलंडून बसलेले असतात, सुमारे १६ अंशांनी. तापवत गेलं की हा कल कमी कमी होत जातो आणि ५७३ ला रचना जास्त सममित होते, कल सरासरीने शून्य. कललेला तो अल्फा, सरळ झालेला तो बीटा. कलंडलेली रचना दाटीवाटीने बसते, सरळ झाली की जास्त जागा मागते, म्हणून चढताना फुगते आणि उतरताना ५७३ ला पटकन आकसते. हा बदल ल शातेलिए यांनी १८८९ मध्येच ओळखला होता, पण आत काय होतंय ते कळायला बराच काळ गेला.

आणि १२२० बद्दल म्हणाल तर वर जाऊन आल्याने काही फरक पडत नाही. जो क्वार्ट्झचा कण वितळला नाही तो प्रत्येक वेळी ५७३ वरून जाताना हाच खेळ करतो, जाताना एकदा, येताना एकदा. तुमच्या परातीला आयुष्यभर ही सवय आहे, सुटणार नाही.

आत डोकावायचं तर प्रकाश वापरायचा. उद्या लिहितो, दहावीचे पेपर तपासायचेत.

मातीकाम | बुधवार, सकाळी ७:०५

सर, कड धारदार आहे. बोट कापलं.

गोधडी | बुधवार, सकाळी ९:२०

वाचतेय. बोटाला हळद लावा.

रेषावाचक | बुधवार, रात्री १०:२५

धारदार, म्हणजे उतरताना. ठीक. आता प्रकाश.

एका रंगाचा प्रकाश, समजा हिरवा लेसर ५३२ नॅनोमीटर, क्वार्ट्झच्या तुकड्यावर टाकला तर बहुतेक आरपार जातो, थोडा इकडेतिकडे विखुरतो. विखुरलेला जवळपास सगळा त्याच हिरव्या रंगाचा असतो. पण कोटीभर फोटॉनांतला एखादा रंग बदलून येतो. तो आतल्या अणूंच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन येतो आणि जरा लालसर होतो, किंवा आधीच कंप पावणाऱ्या अणूंकडून थोडी ऊर्जा उचलतो आणि जरा निळसर होतो. हाच रामन परिणाम. २८ फेब्रुवारी १९२८, कलकत्ता, रामन आणि के. एस. कृष्णन, १९३० चं नोबेल, हे सगळ्यांना पाठ असतं कारण आपण त्या दिवशी विज्ञान दिन म्हणून शाळेत भाषणं ठोकतो. कमी माहीत असलेली गोष्ट ही की त्याच वर्षी मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना हाच प्रकार स्वतंत्रपणे दिसला, आणि तो दिसला क्वार्ट्झमध्ये. म्हणजे तुमचा परातीतला गुन्हेगार या कथेत पहिल्या वर्षापासून हजर आहे.

रंग किती बदलला ते मोजायचं एकक म्हणजे वेव्हनंबर, सेंटिमीटरमध्ये किती लाटा बसतात तो आकडा. विखुरलेला प्रकाश रंगांत पसरवला की असा बदललेला रंग रेषेसारखा दिसतो, क्वार्ट्झची सगळ्यात ठळक रेषा ४६४ वर असते. ५३२ चा हिरवा त्यामुळे सुमारे ५४५.५ नॅनोमीटरचा होऊन बाहेर येतो. डोळ्याला फरक कळणारही नाही, स्पेक्ट्रोमीटरला (रंग वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला) कळतो. ४६४ म्हणजे अणूंचं ते कंपन सेकंदाला जवळपास १४ लाख कोटी वेळा. आपण फक्त त्याची नोंद करतोय, बाहेरून, हात न लावता.

म्हणजे प्रत्येक स्फटिकाचे स्वतःचे सूर असतात आणि रामन वर्णपट म्हणजे त्याची सुरावट. हिऱ्याचा एक सूर १३३२ ला, सिलिकॉनचा ५२० ला, कॅल्साइटचा १०८६ ला. खोटा हिरा पकडायला हीच युक्ती वापरतात.

सिन्नरचा_दगड | बुधवार, रात्री ११:०२

अखेर माझा विषय आला!! आपल्या पांडवलेण्याजवळच्या खाणीतला पॉवेलाइट जगभरचे संग्राहक शोधत असतात, अपोफिलाइट आणि स्टिल्बाइट तर आहेतच. पॉवेलाइट म्हणजे कॅल्शियम मॉलिब्डेट, त्याची रामन रेषा ८८० च्या आसपास भारी ठळक येते. दगडाला ओरखडा न पाडता ओळखायचं असेल तर यासारखं काही नाही. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेला नसाल तर जा, नाशिककर असून न गेलेले खूप आहेत, मुंबईपुण्याचे लोक येऊन बघून जातात.

पंचवटीकर_काका | गुरुवार, सकाळी ६:४५

गेलो आहे. नातवाने तिथे दगड चाटला. चला, विषय पुढे न्या, ताईंच्या पराती राहिल्या बाजूला.

ढोलवेडा | गुरुवार, दुपारी १:१५

सर एक शंका. सूर ठीक आहेत, पण त्यावरून ५७३ ला काय होतं ते कसं कळणार? सूर तर तेच राहणार ना, अणू तेच आहेत.

रेषावाचक | गुरुवार, रात्री १०:५५

ढोलवेडा, तू पथकात वाजवतोस ना? मग उत्तर तुझ्याच कमरेला बांधलेलं आहे. मिरवणुकीत पाऊस पडला आणि चामड्याचं पान ओलं होऊन सैल पडलं की काय होतं? ढोल तोच, वजन तेच, टिपरू तेच. पण सूर खाली येतो आणि आवाज लांबत नाही, धप्प होऊन मरतो. सूर ठरतो ताण आणि वजन दोन्हींवर. अणू तेच राहिले म्हणजे वजन तेच, पण ताण बदलला तर सूर उतरणारच.

क्वार्ट्झमध्ये एक सूर असा आहे जो ठळकपणे उतरतो. नेहमीच्या तापमानाला तो २०७ वेव्हनंबरला असतो, आणि ते कंपन म्हणजे नेमकं चौफलकांचं ते कलणं, जास्त कलणं, कमी कलणं, जास्त कलणं, कमी कलणं. तापवत जा, तो कल टिकवून धरणारा ताण ढिला पडत जातो, सूर खाली येतो आणि रेषा पसरट होत जाते. बाकीचे सूर साधारण जागच्या जागी असतात. याला सॉफ्ट मोड म्हणतात, मी वर्गात "ढिला सूर" म्हणतो.

आणि हे पहिल्यांदा पाहिलं कोणी? रामन यांनीच, टी. एम. के. नेडुंगाडी यांच्याबरोबर, बंगळुरात, १९४० मध्ये! लेसर यायला अजून वीस वर्षं होती. पाऱ्याचा दिवा, फोटोप्लेट, तासन्‌तास एक्स्पोजर, आणि भट्टीत ठेवलेला क्वार्ट्झ. त्यांना दिसलं की बाकीच्या रेषा बऱ्यापैकी टिकून आहेत पण एक रेषा मात्र तापमान ५७३ कडे गेलं की पसरत पसरत मूळ प्रकाशाच्या रेषेकडे सरकते. त्यांनी लिहिलं की हे कंपन आणि हा बदल यांचा थेट संबंध दिसतो. आणि मग जवळपास वीस वर्षं जगाने त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९५९-६० च्या सुमारास कॉक्रन आणि अँडरसन यांनी सॉफ्ट मोडचा सिद्धान्त मांडला, की एखाद्या कंपनाचा ताण शून्याकडे गेला की स्फटिक त्या दिशेने कायमचा वाकतो आणि रचना बदलते, तेव्हा लोकांना १९४० चा तो छोटा निबंध आठवला. मला व्यक्तिशः १९२८ पेक्षा हे काम जास्त आवडतं, पण याच्यावर कोणी भाषण करत नाही.

शंकासूर | शुक्रवार, सकाळी ८:३०

लेख छान पण विद्यार्थी वाचत असतील म्हणून दुरुस्त करतो. ५७३ ला २०७ ची रेषा शून्याला जाते असा समज होईल. जात नाही. मी स्वतः आलेख बघितलेत, ती मधेच पसरते आणि दिसेनाशी होते. शिवाय १४७ च्या आसपास एक विचित्र पट्टा असतो त्याचं काय? तो सोयीस्करपणे विसरलात.

रेषावाचक | शुक्रवार, रात्री ९:४०

शंकासूर, शून्याला जाते असं मी लिहिलेलं नाही, पण आलेख बघितलेला माणूस भेटला याचा आनंद आहे, म्हणून सविस्तर.

एक. हा बदल पायरीसारखा आहे. कल १६ वरून कमी होत होत सावकाश शून्याला जात नाही, शेवटी शेवटी उडी मारतो. सूर शून्याला टेकण्याआधीच रचना पलटते. शिवाय ५७३ च्या जवळ जेमतेम दीड अंशाच्या पट्ट्यात अल्फाही नाही आणि बीटाही नाही अशी एक तिसरीच अवस्था असते, त्यात कलाची लहर स्फटिकाच्या जाळीशी मेळ न खाणाऱ्या लांबीने पसरते. ती तर १९८० च्या आसपास नीट कळली.

दोन. १४७. तिथे एकटं कंपन नाही, दोन कंपनं मिळून आलेला पट्टा आहे, आणि तो ढिल्या सुराशी गुंतलेला आहे. २०७ चा सूर उतरून जवळ आला की दोघे एकमेकांत मिसळतात, म्हणून "आता ही रेषा कोणाची" हा प्रश्न पडतो. जे. एफ. स्कॉट यांनी १९६८ मध्ये हे उलगडलं. तुम्ही म्हणता ते "मधेच पसरते" ते याचमुळे.

तीन, आणि हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. ५७३ च्या वर ही रेषा दिसतच नाही, कारण तिथे सममिती ती दाखवायला परवानगी देत नाही. असं बघा. प्रकाशाला कंपन दिसतं कधी, तर कंपन करताना स्फटिकाची प्रकाशाने ढवळली जाण्याची क्षमता बदलली तर. बीटामध्ये चौफलक सरळ उभे आहेत. एक अंश डावीकडे कलले काय किंवा एक अंश उजवीकडे कलले काय, दोन्ही रचना एकमेकींच्या जुळ्या, प्रकाशाच्या दृष्टीने अगदी सारख्या. मग डावीउजवी हेलकावे चालू असताना प्रकाशाला लय पकडता येत नाही, रेषा येत नाही. अल्फामध्ये मात्र ते आधीच १६ ला बसलेत. १७ ला गेले तर एक, १५ ला आले तर वेगळं. इथे लय पकडता येते, रेषा येते. कल जितका कमी तितकी रेषा फिकट, म्हणजे रेषेची चमक सुद्धा कल किती उरलाय ते सांगते. नुसता तिचा जन्म किंवा मृत्यू बघून सममिती बदलली हे कळतं.

ढोलवेडा | शुक्रवार, रात्री १०:३०

सर हे वाचून मान हलली. म्हणजे कल डावीकडे का उजवीकडे हे उतरताना कोण ठरवतं? दोन्ही सारखेच म्हणता ना.

रेषावाचक | शुक्रवार, रात्री १०:४८

नशीब, ताण, शेजारी. थंड होताना काही भाग डावीकडे कलंडतो काही उजवीकडे, आणि एकाच स्फटिकात दोन्ही नांदतात. त्याला दॉफिने जुळे म्हणतात. बाहेरून कळत नाही, ऑसिलेटर (घड्याळात ठेका धरणारा क्वार्ट्झ) बनवणाऱ्यांना मात्र डोकेदुखी, म्हणून क्वार्ट्झची चकती ते ५७३ च्या वर जाऊ देत नाहीत.

गोधडी | शनिवार, दुपारी १२:१०

सगळं कळत नाहीये पण वाचवतंय. एक बाळबोध प्रश्न, रचना बदलणारा क्वार्ट्झ एकटाच का?

शंकासूर | शनिवार, दुपारी २:००

नाही हो. बेरियम टायटानेट घ्या, कपॅसिटरमध्ये असतं. १२० अंशाच्या वर रचना क्युबिक (घनासारखी) आणि खाली चौकोनी, आणि खाली आलं की त्यात आपोआप विद्युतध्रुव तयार होतो. पुढे ५ अंशाला अजून एक बदल, उणे ९० ला अजून एक. स्ट्रॉन्शियम टायटानेट १०५ केल्विनला म्हणजे उणे १६८ ला बदलतं, तिथलं काम तर फार देखणं आहे, १९६८ चं, फ्ल्युरी, स्कॉट आणि वॉरलॉक. वरच्या अवस्थेत त्याला साध्या रामन रेषाच नाहीत, सममितीमुळे. खाली गेलं की रेषा उगवतात आणि थंड करत गेलं तशा वर चढतात.

रेषावाचकांचं वरचं स्पष्टीकरण मान्य. डावाउजवा भारी.

रेषावाचक | शनिवार, दुपारी २:२०

शंकासूर मान्य म्हणाले! आज कढी मी करणार.

मातीकाम | शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांना नमस्कार. वाचत होते पण लिहायचं धाडस होत नव्हतं कारण आता खरं सांगायला लागेल.

दोन्ही वेळा भट्टी मी लवकर उघडली. पहिल्यांदा ऑर्डर द्यायची होती म्हणून, मीटर ६१० दाखवत होता तेव्हा झाकण दोन बोटं वर करून खाली वीट ठेवली. "लाल दिसत नाहीये म्हणजे गार झाली" असं मावशींना सांगितलं होतं मीच. रात्री टिंग टिंग असे दोन आवाज आले होते, मी म्हटलं ग्लेझ बोलतंय. दुसऱ्या वेळी तर कारणही नव्हतं, उत्सुकता होती फक्त. दोष भट्टीला दिला, मातीवाल्याला फोन करून त्याच्यावर चिडले, शेवटी इथे आले.

पंचवटीकर_काका | शनिवार, रात्री ९:४१

आजोबा असते तर बोंबलले असते.

रेषावाचक | शनिवार, रात्री १०:१५

ताई, सगळे करतात, मीही लेसर बंद न करता काच पुसायला गेलो होतो एकदा, ते असो. आता चित्र पूर्ण झालं. ६१० ला झाकण उचललंत, परातीचा वरचा काठ भराभर ५७३ च्या खाली आला आणि आकसला, मधला तळ आणि भट्टीच्या फरशीला टेकलेली बाजू अजून वरच. एकाच परातीत अर्धा अल्फा अर्धा बीटा, आणि मधे सीमा. ओढाताण झाली की काठापासून सरळ चीर. कप लहान आणि जवळपास सगळ्या बाजूंनी सारखे गार झाले म्हणून वाचले.

लाल दिसण्याबद्दल, अंधाऱ्या खोलीत मंद लाल दिसायला साधारण ५२५ अंश पुरतात, दिवसा उजेडात ६०० सुद्धा काळंच दिसतं. रंगावर भरवसा नको.

एक शंका मात्र राहतेच. १२२० पर्यंत गेलेल्या मातीत थोडा क्रिस्टोबलाइट तयार झालेला असू शकतो, तोही सिलिकाच पण वेगळी रचना, तो २०० ते २७० अंशाच्या दरम्यान आकसतो, आणि जास्त जोरात. गुन्हेगार तो असेल तर ६१० वर दोष ठेवून उपयोग नाही, तुम्ही २५० ला काय केलं ते विचारावं लागेल. तुकडे फेकले नसतील तर दोन-चार पाठवा. आमच्याकडे एक म्हातारं रामन यंत्र आहे, ५३२ चा लेसर, आणि लहानशी हीटिंग स्टेज (नमुना ठेवून तापवायची बैठक). क्वार्ट्झ ४६४ वर बोलतो, क्रिस्टोबलाइट ४१६ आणि २३० वर. विचारून घेऊ त्यांनाच.

मातीकाम | रविवार, सकाळी ८:००

फेकले नाहीत. अंगणात तुळशीच्या कुंडीत भरलेत. आजच कॉलेज रोडला आणून देते, येताना मिसळ माझ्याकडून.

सिन्नरचा_दगड | रविवार, सकाळी ८:२०

मिसळीला मीही येतो, स्वच्छ क्वार्ट्झचा एक तुकडा घेऊन. तुलनेला लागेल.

रेषावाचक | पुढचा गुरुवार, रात्री ११:५०

अहवाल, जमेल तसा.

पहिला दिवस वाया. लेसर ग्लेझच्या बाजूने लावला आणि सगळा वर्णपट एका भल्यामोठ्या उतारात बुडाला. ग्लेझमधले काही पदार्थ स्वतःच चमकतात, त्या चमकेपुढे कोटीतला एक फोटॉन म्हणजे दहीहंडीत कुजबुज. इन्फ्रारेडच्या जवळचा ७८५ चा लेसर असता तर हे कमी झालं असतं, आमच्याकडे नाही. मग तुकडा फोडून ताज्या कडेवर गेलो, सूक्ष्मदर्शकातून एकेक पांढरा कण शोधत.

कण मिळाला की ४६४. दुसरा कण, ४६४. बाराएक कण बघितले, सगळे क्वार्ट्झ. ४१६ ला काही नाही, २३० ला काही नाही. कणांच्या मधे लेसर नेला की काचेसारखा सपाट पसारा. काही ठिकाणी कणाच्या कडेने केसाएवढी फट दिसली, गोल, कणाभोवती. म्हणजे कण आकसला आणि भोवतालची काच आकसली नाही. बाराच कण आहेत, थोडासा क्रिस्टोबलाइट माझ्या नजरेतून सुटला असेलही, पण आरपार चीर पाडण्याएवढा असता तर कुठेतरी भेटला असता.

मग दगडसाहेबांचा स्वच्छ तुकडा स्टेजवर ठेवला आणि ढोलवेडाला बोलावलं. स्टेज ६०० पर्यंत जाते. खोलीच्या तापमानाला २०७ ची रेषा टोकदार. दोनशेला थोडी खाली आणि जाडसर. चारशेनंतर तिचा पाय घसरला. पाचशेला ती रेषा राहिली नाही, उशी झाली, १४७ वाल्या पट्ट्यात मिसळलेली. ४६४ मात्र एवढ्या सगळ्यात जेमतेम पाच-सात वेव्हनंबर सरकली. ५८० ला उशीच्या जागी काही नाही, नुसता उतार, आणि ४६४ एकटी उभी. उतरताना ५७० च्या खाली पुन्हा उशी, मग जाड रेषा, मग टोकदार. पोराने तीन वेळा वरखाली करायला लावलं. मीही नाही म्हटलं नाही.

एक गंमत करून बघितली, रंगाच्या दोन्ही बाजू मोजल्या. फोटॉन ऊर्जा देऊन आला ती बाजू आणि घेऊन आला ती बाजू. घ्यायला आत आधी कंपन चालू पाहिजे, म्हणून ती बाजू गार असताना फिकी, ४६४ साठी खोलीच्या तापमानाला ढोबळ आठास एक. तापवलं की ती वाढत जाते, आणि दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान निघतं, थर्मामीटर न लावता. आमच्या स्टेजचा काटा त्या मानाने बराच खरा निघाला.

ढोलवेडा | शुक्रवार, सकाळी ७:३०

मी होतो तिथे. उशी परत रेषा होताना बघितली तेव्हा हसायला आलं, आमच्या पथकात पान सैल झालं की दोरी ओढतो अगदी तस्सं. सरांना म्हटलं आवाज कानाने ऐकवता येईल का, तर म्हणाले तुझ्या कानाला सेकंदाला वीस हजारच्या वर काही कळत नाही, ही २०७ ची रेषासुद्धा सहा लाख कोटी आहे. काय भो, एवढं खाली पण नाही येत.

शंकासूर | शुक्रवार, सकाळी १०:१०

आलेख टाका. आणि लेसरची शक्ती किती ठेवली होती तेही. तुकडा लेसरनेच तापत असेल तर स्टेजच्या आकड्याला अर्थ नाही.

रेषावाचक | शुक्रवार, दुपारी ४:००

म्हणूनच दोन्ही बाजू मोजल्या होत्या, शंकासूरजी. शक्ती अर्धी करून परत घेतलं, रेषा जागची हलली नाही. आलेख रविवारी टाकतो.

मातीकाम | त्यानंतरचा सोमवार, सकाळी ६:५०

काल भट्टी लावली होती. ६५० पासून ५०० पर्यंत तासाला ४० अंशांनी उतरवली, कंट्रोलरमध्ये ती पायरी टाकून दिली, झाकणावर मावशींनी विटा ठेवल्या आणि त्यावर स्वतः पदर खोचून बसल्या म्हणाल्या आता उघड बघू. ९० ला उघडली. आठ परातींपैकी सात सलग, टिचकी मारली की घंटेसारख्या वाजतात.

आठवीचा कान तुटलाय, पण तो सांधाच मी नीट दाबला नव्हता, तिथे हवा राहिली होती. त्याचा क्वार्ट्झशी काही संबंध नाही.

पंचवटीकर_काका | सोमवार, सकाळी ७:१५

मावशींना माझा नमस्कार सांगा. आणि एक परात माझ्यासाठी बाजूला ठेवा, कान नसलेली चालेल, भाकरीचं पीठ मळायला.